वाक्य बरोबर, बोलणं चूक

जपानी शिकायला लागून दोन वर्षं झाली होती. तास संपला, बाकीचे वह्या आवरत होते, आणि मी मोठ्या ऐटीत शिक्षिकेला म्हटलं, 'गोकुरोसामा देशिता.' तुम्ही घेतलेल्या श्रमांची जाणीव आहे, असा त्याचा साधारण अर्थ. उच्चार नीट झाला होता, क्रियापद भूतकाळी आणि सभ्य रूपात, सगळं जागच्या जागी. बाई क्षणभर थांबल्या, किंचित हसल्या, मान लववली आणि गेल्या. पुढे कित्येक महिने मी दर तासाला तेच म्हणत राहिले. मग एकदा वरच्या वर्गातल्या एका मुलीने मला बाजूला घेऊन सांगितलं, की हे वरिष्ठाने हाताखालच्या माणसाला म्हणायचं असतं. म्हणजे मी आठवड्यातून दोनदा माझ्या शिक्षिकेची पाठ थोपटत होते.

बाईंनी चूक का सुधारली नाही, हा प्रश्न मला तेव्हापासून छळतो. 'वा' या प्रत्ययाच्या जागी 'गा' आला तर त्या अर्ध्या वाक्यात अडवायच्या. पण इथे त्यांनी सांगायचं तरी काय? 'तू माझ्याशी साहेबासारखी बोलतेस' असं? व्याकरणाची चूक दाखवली तर ती वाक्याची चूक असते. ही चूक दाखवायची म्हणजे माणसाच्या वागण्यावर बोट ठेवायचं, आणि ते कुणालाच नको असतं. म्हणून ही चूक जिथे व्हायला हवी तिथे, म्हणजे वर्गात, होऊनही दुरुस्त होत नाही, आणि बाहेर गेल्यावर तिची किंमत मोजावी लागते.

परकी भाषा शिकवण्याच्या सगळ्या उद्योगात आपण नेमकं हेच अंग उघड्यावर टाकलं आहे, असं माझं म्हणणं आहे. कुणाशी, कोणत्या प्रसंगी, किती थेट बोलायचं. नकार कसा द्यायचा आणि कसा ओळखायचा. गप्प कधी राहायचं. 'हो' म्हणजे खरंच हो की नुसतं 'ऐकतोय', हे सगळं कळणं म्हणजे भाषा वापरण्याचं भान. भाषाशास्त्रात याला प्रॅग्मॅटिक्स म्हणतात. अभ्यासक्रमांच्या प्रस्तावनेत हा शब्द हमखास सापडतो. वेळापत्रकात मात्र त्याला तास मिळत नाही.

ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जेनी थॉमस यांनी 1983 साली लिहिलेल्या एका लेखात या दुखण्यावर नेमकं बोट ठेवलं होतं. व्याकरण चुकलं तर ऐकणाऱ्याला कळतं की हा अजून शिकतोय. वापर चुकला तर त्याला तसं वाटत नाही. त्याला वाटतं, हा माणूसच उद्धट आहे, किंवा तुटक, किंवा लाचार. आणि यातली खरी गोम पुढे आहे. तोडकंमोडकं बोलणाऱ्याला सगळे सांभाळून घेतात. अस्खलित बोलणाऱ्याला कोण सांभाळून घेईल? जितकं व्याकरण पक्कं, तितकी सबब कमी. म्हणजे आपण विद्यार्थ्याला आठ-दहा वर्षं घासून अशा ठिकाणी आणून सोडतो, की जिथे त्याची प्रत्येक चूक त्याच्या स्वभावाच्या खात्यावर पडते.

थॉमस यांचं एक उदाहरण छोटं आहे पण विसरता येत नाही. रशियनमध्ये 'कनेश्ना' हा शब्द उत्साहाने 'हो तर!' म्हणायला सर्रास वापरतात. शब्दकोशात त्याच्यासमोर इंग्रजीचं 'ऑफ कोर्स' असतं. आता रशियन माणसाला इंग्रजीतून कुणी विचारलं, 'ते रेस्तराँ चांगलं आहे का?' आणि तो म्हणाला, 'ऑफ कोर्स', तर त्याने आपल्या मते मनापासून शिफारस केली. इंग्रजी कानाला ऐकू येतं, 'हा काय प्रश्न झाला?' शब्दकोश चुकला नाही, माणूस चुकला नाही, तरी मधल्या मधे कुणीतरी दुखावला गेला.

थॉमस यांनी अशा चुकांचे दोन प्रकार पाडले, आणि शिकवणाऱ्याच्या दृष्टीने ती विभागणी फार कामाची आहे. एका प्रकारात तुम्हाला म्हणायचं असतं योग्य तेच, पण त्यासाठी उचललेलं वाक्य त्या भाषेत ते काम करत नाही. दुसऱ्यात वाक्याचा दोष नसतो. काय विचारावं, कुणाला मोठं मानावं, केवढं ओझं दुसऱ्यावर टाकणं चालतं, याचा अंदाजच वेगळा असतो.

पहिल्याचं उदाहरण आपल्या भाषेतच बघा. मी परदेशी विद्यार्थ्यांना मराठी शिकवते. एकदा वर्गात एक पाहुणे आले, आणि एका हुशार मुलीने त्यांना विचारलं, 'तुम्ही का आलात?' तिला म्हणायचं होतं, 'आज इकडे कसं काय येणं केलंत?' प्रश्नार्थक शब्द बरोबर, 'आलात' हे रूप बरोबर, 'तुम्ही' तर आदराचंच. पाहुण्यांचा चेहरा मात्र पडला. तिचं वाक्य मी शुद्धलेखनासकट फळ्यावर लिहिलं असतं तर त्यात लाल शाईला काही काम नव्हतं.

किंवा 'जरा' हा शब्द घ्या. शब्दकोश सांगतो, थोडंसं. 'जरा खिडकी लावता का?' यात खिडकी थोडीशी लावायची नसते. थोडी असते ती तसदी. मी तुमच्याकडून फार मागत नाही, एवढंच तो शब्द सांगतो. आणि तोच शब्द साहेबाच्या तोंडून 'जरा आत या' असा आला की पोटात गोळा येतो. हे कुठल्या धड्यात आहे? इंग्रजीभाषक विद्यार्थी 'जरा' न शिकता आपल्या सवयीचं वाक्य उचलतो: 'तुम्ही खिडकी लावू शकता का?' इंग्रजीत हा क्षमतेचा प्रश्न उरलेला नाही, ती विनंती झाली आहे. तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांनी 1975 साली अशा आडवळणाच्या विनंत्यांची नीट फोड करून ठेवली आहे. मराठीत मात्र माझ्या कानाला अजून ऐकू येतं, 'तुमच्यात तेवढी ताकद आहे का?' (भाषांतरित सूचनांच्या कृपेने हल्ली आपलेच लोक 'करू शकता का' म्हणायला लागलेत, हे मला माहीत आहे. हे भांडण मी हरल्यात जमा आहे.)

दुसऱ्या प्रकाराला वाक्याची मलमपट्टी चालत नाही. मँडरिन बोलणारे पुष्कळदा आधी कारणं मांडतात आणि मागणी शेवटी करतात. ऐकणारा मनाने तयार झाला की मग विनंती. हीच रचना इंग्रजीत आली की ऐकणाऱ्याला वाटतं, हा किती गोल फिरतोय, मुद्द्यावर ये ना बाबा. उलट मागणी पहिल्याच वाक्यात आली की मँडरिनच्या कानाला ती अंगावर आल्यासारखी वाटते. इथे कुणाला शब्द कमी पडलेला नाही. सभ्यपणा कशात आहे, याचीच उत्तरं दोन आहेत.

हे सगळं शेवटी शिष्टाचाराचं आहे, जिवावर बेतत नाही, असं कुणाला वाटत असेल तर 25 जानेवारी 1990 ची रात्र आठवावी. कोलंबियाच्या आविआंका कंपनीचं बोइंग 707 विमान न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळाकडे येत होतं. हवा खराब होती, गर्दी होती, विमानाला वाटेत तीनदा मिळून एक तास सतरा मिनिटं घिरट्या घालायला लावलं होतं. इंधन संपत आलं होतं. उतरण्याचा पहिला प्रयत्न फसल्यावर कॅप्टनने सहवैमानिकाला स्पॅनिशमध्ये सांगितलं, की त्यांना सांग, आपण इमर्जन्सीत आहोत. सहवैमानिकाने इंग्रजीत नियंत्रकाला काय सांगितलं? वळण्याची सूचना मिळाल्याची पोच दिली, पुन्हा प्रयत्न करतो म्हणाला, आणि वाक्याच्या शेपटाला जोडलं, आमचं इंधन संपत आलंय. 'इमर्जन्सी' हा शब्द त्याने उच्चारला नाही. थोड्या वेळाने नियंत्रकाने विचारलं, तुम्हाला पंधरा मैल ईशान्येला नेऊन परत वळवतो, तुम्हाला आणि तुमच्या इंधनाला चालेल ना? उत्तर गेलं: चालेल असं वाटतं, आभारी आहे. काही मिनिटांत इंजिनं बंद पडली. विमानातल्या 158 जणांपैकी 73 जण गेले.

अपघाताला कारणं अनेक होती, आणि अमेरिकेच्या चौकशी मंडळाने ती नोंदवली: इंधनाचं ढिसाळ नियोजन, विमानांच्या गर्दीची अपुरी हाताळणी, अशा स्थितीसाठी ठरावीक शब्द सगळ्यांना सारखे माहीत नसणं. पण त्यांच्या निष्कर्षात ठळकपणे हेही होतं, की आणीबाणी आहे हे वैमानिकांनी वेळेत कळवलं नाही. तो सहवैमानिक इंग्रजी न येणारा नव्हता. 'आमचं इंधन संपत आलंय' हे वाक्य निर्दोष आहे. त्याला वाटलं, सांगितलं. कॅप्टनने विचारलं तेव्हाही तो म्हणाला, हो, सांगितलंय. नियंत्रकाला मात्र तो इशारा वाटला नाही, माहिती वाटली. त्या रात्री आकाशातल्या कुणाचंच इंधन भरपूर नव्हतं. जे. एल. ऑस्टिन या तत्त्वज्ञाने 1955 साली हार्वर्डमधल्या व्याख्यानांत मांडलं होतं की बोलणं ही कृती असते. आपण शब्दांनी वचन देतो, ताकीद देतो, मागतो. त्या कॉकपिटमध्ये वाक्य उच्चारलं गेलं, कृती घडली नाही.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने 2003 साली वैमानिक आणि नियंत्रकांसाठी भाषेच्या कसोट्या ठरवल्या, आणि 2008 पासून त्या लागू झाल्या. सहा अंगांनी गुण द्यायचे: उच्चार, रचना, शब्दसंग्रह, ओघ, आकलन, आणि सहावं अंग परस्परसंवाद. उत्तर वेळेवर आणि प्रसंगाला धरून येतं का, गैरसमज होतोय असं वाटलं तर माणूस खुंटा हलवून बघतो का, हे त्यात तपासतात. आणि एकूण पातळी सहापैकी सर्वात कमी गुणांवर ठरते. एक अंग लंगडं असेल तर बाकीची पाच ते झाकून नेऊ शकत नाहीत. जिथे चुकीची किंमत ताबडतोब दिसते, तिथे हा विषय परीक्षेत आला. बाकीच्यांच्या बाबतीत किंमत हळूहळू मोजली जाते: नोकरीची मुलाखत बरी होऊनही निरोप येत नाही, प्राध्यापक ईमेलला उत्तर द्यायचं थांबवतात, शेजारी हसतात पण दार उघडत नाहीत. कुणीही कारण सांगत नाही.

मग वर्गात हे का येत नाही? सोपं उत्तर: तपासायला कठीण म्हणून. पण शिक्षकांच्या नजरेलाही सवय लागलेली असते. 1998 साली कॅथलीन बार्डोव्ही-हार्लिग आणि झोल्टान डोर्नेई यांनी 543 विद्यार्थी आणि त्यांच्या 53 शिक्षकांना काही दृश्यफिती दाखवल्या. काही संवादांत व्याकरण चुकलेलं, काहींत व्याकरण शुद्ध पण बोलणं प्रसंगाला सोडून. हंगेरीत, म्हणजे इंग्रजी फक्त वर्गात ऐकू येणाऱ्या ठिकाणी, विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या शिक्षकांनाही व्याकरणाच्या चुका जास्त गंभीर वाटल्या. अमेरिकेत शिकणाऱ्यांचं नेमकं उलट. यावरून कुणी म्हणेल, बघा, परदेशात गेलं की आपोआप कळतं. पण पुढे हाच प्रयोग चेक प्रजासत्ताकातल्या, इंग्रजीचे शिक्षक होऊ घातलेल्या विद्यार्थ्यांवर केला, तर त्यांना देश न सोडता या चुका चांगल्या दिसल्या. म्हणजे प्रश्न नुसत्या मुक्कामाचा नाही, लक्ष कुठे लावलंय याचाही आहे.

पाठ्यपुस्तकं तर याबाबतीत विनोदी असतात. त्यांतले संवाद माहितीची देवाणघेवाण झाली की कुऱ्हाडीने तोडल्यासारखे संपतात. 'स्टेशन कुठे आहे?' 'डावीकडे.' 'आभारी आहे.' पूर्णविराम. खऱ्या बोलण्यात निरोप घेणं हे केवढं नाजूक काम आहे! शेग्लॉफ आणि सॅक्स या समाजशास्त्रज्ञांनी 1973 साली टेलिफोनवरच्या संभाषणांचा बारीक अभ्यास करून दाखवलं, की माणसं थेट 'ठेवतो' म्हणत नाहीत. आधी 'बरं', 'चला मग' अशी एखादी पोकळ पायरी टाकतात, समोरच्याला अजून काही बोलायचं असेल तर जागा देतात, तोही तसंच म्हणाला की मगच निरोप. ही पायरी गाळली तर फोन आपटल्यासारखा वाटतो. ती आलेली ओळखली नाही तर माणूस बोलतच राहतो आणि दुसरा घड्याळ बघतो. मराठीत तर निघताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणायचं असतं. हे मी पहिल्या आठवड्यात शिकवते, कारण ते कुणाला चुकूनही तर्काने सुचणार नाही.

'आपोआप येतं' हा युक्तिवाद इतका पसरलेला आहे, की त्याच्यापाशी थोडं थांबायला हवं. येतं, नाही असं नाही. पण किती दिवसांत? ओल्श्टाइन आणि ब्लुम-कुल्का यांनी 1985 साली इस्राएलमध्ये येऊन राहिलेल्या लोकांचा अभ्यास केला. हिब्रूतल्या थेटपणाबद्दलची त्यांची पसंती-नापसंती मूळ भाषकांच्या जवळ जायला दहा वर्षांहून अधिक काळ लागत होता. दहा वर्षांत किती मुलाखती होतात, किती मैत्र्या जुळता जुळता राहतात? लॉरेन्स बाउटन यांनी अमेरिकेतल्या परदेशी विद्यार्थ्यांचं आडून बोललेलं समजण्याचं कौशल्य बरीच वर्षं तपासलं. 'त्याचा निबंध कसा वाटला?' 'टायपिंग छान केलंय.' यातली चपराक ओळखायला पुष्कळांना वेळ लागत होता. मात्र हीच गोष्ट वर्गात उघड करून दाखवली की ती चटकन कळत होती. जे सांगितलं तर काही तासांत येतं, त्यासाठी माणसाला वर्षानुवर्षं ठेचा खायला लावणं याला मी नैसर्गिक पद्धत म्हणणार नाही. तो आळस आहे.

माझ्या बाजूला अडचणीचं ठरणारं एक उदाहरणही आहे. रिचर्ड श्मिट यांनी 1983 साली 'वेस' या टोपणनावाने एका जपानी चित्रकाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. हा गृहस्थ अमेरिकेच्या हवाई बेटांवर राहायचा, वर्गात शिकला नव्हता, तीन वर्षांत त्याचं इंग्रजी व्याकरण जवळजवळ जिथल्या तिथेच राहिलं. पण लोकांना तो आवडायचा. गप्पा मारायचा, समोरच्याला बोलतं करायचा, हसवायचा. म्हणजे हे भान शिकवल्याशिवायही येतं? आलं खरं, पण वेसच्या स्वभावाच्या आणि मित्रांच्या जोरावर. त्याच्या मोडक्या व्याकरणानेच सगळ्यांना आधी सांगून टाकलं होतं की याला सांभाळून घ्या. सगळेच वेस नसतात. लाजाळू, परीक्षेत पहिला येणारा, व्याकरणाचा पक्का विद्यार्थी घ्या. त्याला ना वेसचा मोकळेपणा, ना त्याला मिळणारी माफी.

खरा आक्षेप वेगळाच आहे, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. कुणाचे रीतिरिवाज शिकवायचे? परक्याची भाषा शिकतोय म्हणून मी त्याच्यासारखं लाचारीने 'माफ करा, त्रास देतोय, पण' का म्हणावं? जगात इंग्रजीतून होणाऱ्या संभाषणांत कितीतरी वेळा दोघांपैकी एकाचीही ती मातृभाषा नसते. मग लंडनचा मापदंड कशाला? त्यात हे नियम काही दगडावर कोरलेले नसतात. स्वीडनमध्ये पदवी आणि आडनावाने हाक मारण्याची घट्ट पद्धत होती. 1967 साली तिथल्या वैद्यकीय प्रशासनाचे नवे प्रमुख ब्रूर रेक्सेड यांनी आपण सगळ्या कर्मचाऱ्यांना 'दू', म्हणजे 'तू', म्हणणार असं जाहीर केलं. वारं आधीच त्या दिशेने वाहत होतं. थोड्याच वर्षांत सगळा देश 'तू'वर आला. ज्याने जुन्या पुस्तकावरून स्वीडिश शिकली असेल तो बिचारा कालबाह्य सभ्यपणा घेऊन फिरत राहिला असेल.

या आक्षेपात तथ्य आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष 'म्हणून शिकवू नका' असा नाही. उलट शिकवलंच पाहिजे, कारण जे माहीत नाही ते नाकारता येत नाही. मेरिल सीगल यांनी 1996 साली जपानमध्ये राहणाऱ्या पाश्चात्त्य स्त्रियांचा अभ्यास मांडला. काहींना स्त्रियांच्या बोलण्यातली अतिनम्र रूपं आपल्या स्वभावाविरुद्ध वाटत, त्या ती टाळत. हा त्यांचा निर्णय होता, आणि तसा निर्णय घेण्याचा हक्क प्रत्येक शिकणाऱ्याला आहे. फरक एवढाच, की रूप माहीत असून टाळणं वेगळं आणि माहीत नसल्याने चुकणं वेगळं, आणि आपल्या टाळण्याचा समोरच्या कानात काय आवाज होतो हेही माहीत हवं. थॉमस यांचाही कल साधारण असाच होता. उद्धट व्हायचं तर खुशाल व्हावं, पण समजून उमजून. शिक्षकाचं काम संस्कार करण्याचं नाही. हा रस्ता कुठे जातो ते सांगायचं, जायचं की नाही ते त्याने ठरवावं.

म्हणूनच 'परदेशी लोकांशी कसं वागावं' छापाच्या याद्या मला चालत नाहीत. अमुक देशातले लोक थेट बोलतात, तमुक देशातले आडून, असं एका ओळीत सांगितलं की विद्यार्थी माणसाऐवजी नकाशाशी बोलायला लागतो. थेट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या समाजातही वाईट बातमी कुणी थेट देत नाही, आणि आडून बोलणाऱ्यांतही भावंडं एकमेकांना काय काय सुनावतात!

वर्गात काय करता येईल? माझा एक तास सांगते. विषय एकच: काम वेळेत झालं नाही, मुदत वाढवून हवी आहे. ऐकणारे तिघं: जुनी मैत्रीण, प्राध्यापक, आणि कधीच न भेटलेला कार्यालयातला माणूस. आधी प्रत्येकाने हे आपापल्या मातृभाषेत लिहायचं. ही पायरी मी सोडत नाही, कारण आपण स्वतःच्या भाषेतही तिघांशी तीन प्रकारे बोलतो हे बहुतेकांच्या पहिल्यांदाच लक्षात येतं. मग तेच मराठीत. मग मराठीभाषकांची ध्वनिमुद्रणं ऐकायची, मजकूर समोर ठेवून, पेन्सिल हातात. कारण मागणीच्या आधी आलं की नंतर? 'मी' किती वेळा आलं, 'तुम्ही' किती वेळा? कुठे अडखळल्यासारखं केलं, आणि ते अडखळणं खरं होतं की मुद्दाम? हा शेवटचा प्रश्न विचारला की वर्गात एकदम खसखस पिकते, कारण अडखळणं हीसुद्धा नम्रतेची रीत असू शकते हे तोवर कुणाच्या डोक्यात नसतं; त्यांना आयुष्यभर न अडखळण्याबद्दलच गुण मिळालेले असतात. शेवटी मी प्राध्यापकाच्या भूमिकेत शिरते आणि नकार देते. स्पष्ट नाही देत. 'बघतो' म्हणते. पुढचा अर्धा तास त्या एका शब्दावर जातो.

यात साधनं लागत नाहीत, वेळ लागतो, आणि वेळ फक्त परीक्षेत येणाऱ्या गोष्टीला मिळतो. संशोधनात आता फारसा वाद उरलेला नाही. गाब्रिएले कास्पर यांनी 1997 सालीच हे शिकवता येतं का असा प्रश्न मांडून होकारार्थी उत्तर दिलं होतं, आणि नाओको तागुची यांनी 2015 साली 58 अध्यापन-प्रयोगांचा जो आढावा घेतला त्यातही नियम उघड करून सांगण्याचं पारडं बहुतेक ठिकाणी जड निघालं. युरोपच्या सामाईक भाषा-संदर्भ चौकटीने 2001 सालीच या क्षमतेला स्वतंत्र नाव आणि जागा दिली. भाषेचे अभ्यासक डेल हाइम्स यांनी तर 1972 साली लिहून ठेवलं होतं, की वापराचे नियम नसतील तर व्याकरणाच्या नियमांचा उपयोग नाही. पन्नास वर्षं होऊन गेली. अजून आपण अनेकवचनं तपासतोय.

परीक्षा घेणं सोपं नाही हे मान्य. 'या प्रसंगी तुम्ही काय म्हणाल ते लिहा' या प्रश्नाला माणूस जे लिहितो ते आणि तो खरोखर बोलतो ते यांत अंतर असतं. कागदावरचा नकार दोन ओळींत आटपतो. फोनवरचा लांबतो, मागे फिरतो, तीनदा माफी मागतो. टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेच्या 2005 साली आलेल्या इंटरनेट आवृत्तीत बोलणाऱ्याचा हेतू ओळखायचे प्रश्न आहेत, म्हणजे निदान ऐकण्याच्या बाजूने दार किलकिलं झालंय. बोलण्याच्या बाजूने मी एवढंच मागेन: तोंडी परीक्षेत एकच विनंती दोन वेगळ्या माणसांकडे करायला लावा, आणि दोन्हींत काय बदललं याला गुण द्या. बरोबर उत्तर एकच असण्याची गरज नाही. बदल झालाच नाही तर गुण नाहीत. आणि त्याने का बदललं हे सांगता आलं, तर अर्धे गुण तिथे. त्या कारणातच सगळं असतं.

गेल्या वर्षी माझ्या तोंडी परीक्षेला एक मुलगी बसली होती. ती एका मराठी कुटुंबात राहायची आणि पाण्याचा पेला हातात आला तरी 'धन्यवाद' म्हणायची. आम्ही वर्गात बोललो होतो, की घरच्या माणसाला धन्यवाद म्हणणं मराठीत परकेपणाचं वाटतं, आपण त्याऐवजी काहीतरी छेडतो, नाहीतर काहीच म्हणत नाही. परीक्षेत मी तोच प्रसंग उभा केला, मी त्या घरातली काकू झाले, पेला पुढे केला. ती स्वच्छ म्हणाली, 'धन्यवाद, काकू.' मी पेन्सिल उचलली. तिने ते पाहिलं आणि म्हणाली, 'तुमच्यात म्हणत नाहीत, मला माहितीये. काकूंनाही मी सांगितलंय, की मी म्हणणार, तुम्ही रागावू नका. पण दुकानात मी म्हणते त्यापेक्षा हळू म्हणते. ऐकू आलं का?'

आलं होतं. मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले.